संगीत : आनंदघन

लतादीदी इंदूरच्या, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. 28 सप्टेंबर 1929 रोजी सिख मोहल्ल्यात त्यांचा जन्म झाला. राज्य सरकार 1984 पासून त्यांच्या नावाने पुरस्कार देतं, तो गायकांना मिळतो तसा संगीतकारांनाही मिळतो. पहिला मान नौशाद यांना मिळाला होता. एवढं आपण अभिमानाने सांगतो आणि मग पोह्यांच्या गाडीकडे वळतो.

आता एक प्रश्न. इंदूरमध्ये जन्मलेला, मराठी चित्रपटांना संगीत देणारा आणि त्यासाठी महाराष्ट्राचा राज्य पुरस्कार मिळवणारा संगीतकार कोण?

मंडळाच्या एका बैठकीत मी हा प्रश्न टाकला तेव्हा बरीच नावं आली, पण बरोबर उत्तर फक्त एकीने दिलं : आनंदघन. आणि आनंदघन म्हणजे कोण, तर लता मंगेशकर. ज्या गायिकेच्या नावाने आपण संगीतकारांना पुरस्कार देतो, ती स्वतः संगीतकार होती, हेच आपल्या गावात फारसं कुणाला माहीत नाही. असं का होतं, आणि ते नाव टिकून राहिलं ते कुणामुळे, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी काम किती ते बघू. सगळे मिळून पाच चित्रपट. पहिला 'राम राम पाव्हणं', दिनकर द. पाटलांचा. त्याला संगीतकार म्हणून त्यांचं स्वतःचंच नाव आहे. पुढचे चार भालजी पेंढारकरांचे : 'मोहित्यांची मंजुळा' (1963), 'मराठा तितुका मेळवावा' (1964), 'साधी माणसं' (1965) आणि 'तांबडी माती' (1969). या चारही चित्रपटांत नाव आहे 'आनंदघन'. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला. समारंभात आनंदघन म्हणून जाहीर झालेली व्यक्ती प्रेक्षकांत बसलेल्या लतादीदीच निघाल्या, हा किस्सा जुने रसिक अजून रंगवून सांगतात.

पाच चित्रपट म्हणजे हाताच्या बोटांवर मोजावं एवढं काम. पण त्यातली गाणी आठवून बघा. 'ऐरणीच्या देवा' त्यांतलंच, जगदीश खेबुडकरांचं. 'अखेरचा हा तुला दंडवत' त्यांतलंच. ही गाणी आपल्या घरांत लग्नाकार्यात, गणपतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजतात. मग माणूस कसा हरवतो?

याचं कारण साधं आहे. गायकाचा आवाज स्वतःचं नाव स्वतःच सांगतो. लताचा आवाज कानावर पडला की विचारावं लागत नाही. संगीतकाराला ती सोय नाही. त्याची चाल दुसऱ्याच्या गळ्यातून येते, त्याचे शब्दही दुसऱ्या कुणाचे असतात. त्याचं नाव राहतं ते फक्त तबकडीच्या लेबलवर, चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आणि कुणीतरी काळजीने केलेल्या यादीत. लेबल फाटलं, चित्रपट मिळेनासा झाला, यादी कुणी केलीच नाही, की गाणं राहतं आणि संगीतकार जातो.

'रेशमाच्या रेघांनी' हे घ्या. 'मराठा तितुका मेळवावा'मधली शांता शेळक्यांची लावणी. आपण सगळे तिला 'आशाची लावणी' म्हणतो. चाल मोठ्या बहिणीची आहे. त्याच चित्रपटातलं 'शूर आम्ही सरदार' हृदयनाथांच्या आवाजात आहे. ते स्वतः मोठे संगीतकार, म्हणून चालही त्यांचीच असणार असं लोक धरून चालतात. ती पण आनंदघनचीच. सगळ्यांचं आडनाव एकच असल्यामुळे हा गोंधळ आणखी वाढतो.

नावाचा असा खेळ फक्त आनंदघनपुरता नाही. 1949 च्या 'महल'मधल्या गाजलेल्या गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. रेडिओवर ते गाणं लागलं आणि श्रोते विचारू लागले, ही कामिनी कोण? त्या चौकशीतून लता हे नाव लोकांपर्यंत गेलं. म्हणजे आपल्या लतादीदींचं नाव सुद्धा एकदा श्रोत्यांनी हट्टाने विचारलं म्हणून कळलं. सी. रामचंद्रांचं तर विचारूच नका. संगीत दिलं सी. रामचंद्र म्हणून, गायले चितळकर म्हणून, काही चित्रपटांत राम चितळकर तर काहींत अण्णासाहेब. लेबलवर चार माणसं दिसतात, प्रत्यक्षात माणूस एकच. ही गाठ सोडवली ती संग्राहकांनी.

संग्राहक म्हटलं की आपल्याला वाटतं, जुन्या वस्तू जमवून धूळ झटकणारे काका. त्यांचं काम त्याहून बारीक असतं. 78 गतीची तबकडी लाखेची, दहा इंचांची. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावतं. तिच्या लेबलवर चित्रपट, गायक, संगीतकार, बहुतेक वेळा गीतकार आणि तबकडीचा क्रमांक असतो. लेबलच्या बाहेरच्या कोऱ्या पट्टीत आणखी एक क्रमांक कोरलेला असतो. तो त्या ध्वनिमुद्रणाचा. लेबल पुसलं गेलं तरी या क्रमांकावरून गाणं ओळखता येतं. शिवाय वेळेच्या बंधनामुळे तबकडीवरचं गाणं आणि पडद्यावरचं गाणं नेहमी सारखं नसतं. एखादं कडवं फक्त चित्रपटात सापडतं. थिएटरात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकेत तर तबकडी कधी निघालीच नाही अशा गाण्यांचीही नोंद मिळते. लेबल, पुस्तिका आणि श्रेयनामावली, या तिन्हींचा मेळ बसला की संग्राहक म्हणतो, आता नक्की.

हिंदी चित्रपटगीतांसाठी हे काम कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी केलं. त्यांच्या 'हिंदी फिल्म गीत कोश'चे खंड दशकवार आहेत आणि 1931 ते 1980 ही पन्नास वर्षं त्यांत येतात. अशा याद्यांची ताकद केवढी असते, त्याचं उदाहरण पुन्हा लतादीदींचंच. 1974 मध्ये गिनीज बुकाने त्यांच्या नावावर 25,000 गाणी लिहिली. मोहम्मद रफींनी हरकत घेतली, वाद झाला. पुढे संग्राहकांनी एकेक गाणं मोजलं तेव्हा हिंदी चित्रपटगीतांचा आकडा पाच हजारांच्या आसपास आला. 1991 मध्ये गिनीजने ती नोंदच काढून टाकली. मोठ्या आकड्याने लतादीदी मोठ्या झाल्या नव्हत्या, त्यामुळे खऱ्या आकड्याने त्या लहानही झाल्या नाहीत. पण खरं काय ते कळलं, ते वहीपेन घेऊन बसलेल्या माणसांमुळे.

असा एक माणूस आपल्या शेजारीच आहे. इंदूरहून महूकडे जाताना पिगडंबर लागतं. तिथे सुमन चौरसिया यांनी 2008 मध्ये लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय उभं केलं. ते 1965 पासून तबकड्या जमवत आले आहेत, आणि लतादीदींची सुमारे 7,600 गाणी त्या संग्रहात असल्याचं वर्तमानपत्रांतून आलेलं आहे. संग्रहालयाला नाव गायिकेचं आहे खरं, पण प्रत्येक तबकडीवर संगीतकाराचंही नाव छापलेलं असतं. म्हणजे एका परीने ते शेकडो संगीतकारांचंही संग्रहालय आहे. फक्त लेबलवरची बारीक अक्षरं वाचायची सवय हवी.

मला ती सवय आमच्या आजोबांच्या मित्रमंडळींनी लावली. महिन्यातून एकदा पाच-सहा जण कुणाच्या तरी घरी जमतात, चहा होतो, जुनी गाणी लागतात आणि मग भांडणं सुरू होतात. आनंदघनवर तर हमखास. एकांचं म्हणणं, लता गायली म्हणून गाणी गाजली, चाल साधीच आहे. त्यावर दुसऱ्या आजोबांनी मला एक युक्ती सांगितली.

"तुला संगीतकार ऐकायचाय ना बेटा? मग लताला जरा बाजूला ठेव. आनंदघनची जी गाणी बाकीच्यांनी गायली, ती आधी ऐक. आवाज बदलूनही जे शिल्लक राहतं, ते संगीतकाराचं."

मी तसं केलं. आशाबाईंची लावणी, हृदयनाथांचं सरदारांचं गाणं, मग शेवटी 'ऐरणीच्या देवा'. मला जाणवलं ते असं : चाल मातीतली, लोकगीताच्या वळणाची, ऐकणाऱ्याला लगेच म्हणता येईल अशी. शब्द कुठेही दबत नाहीत. वाद्यं मोजकी आणि प्रसंगाला धरून. लोहाराचं गाणं लोहाराच्या कामाच्या लयीत चालतं, लढवय्यांचं त्यांच्या चालीत. गळ्याची करामत दाखवायला जागा असूनही दाखवलेली नाही. स्वतः लता असताना संगीतकाराने हा मोह टाळला, हे मला फार मोठं वाटतं. तुम्हाला वेगळं वाटेल, जरूर वाटू दे. पण युक्ती करून बघा आणि मग भांडायला या.

आता अडचणीचं बोलते. आज आपण गाणी मोबाईलवर ऐकतो. तिथे आधी दिसतं गायकाचं नाव. संगीतकार कधी आत कुठेतरी असतो, कधी नसतोच. 'आनंदघन' दिसलं तरी ती कोण, हे कुणी सांगत नाही. मराठी गाण्यांसाठी 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ गीत, संगीत, स्वर, चित्रपट अशी नोंद नीट देतं, ते फार उपयोगी आहे. पण तबकड्या आणि पुस्तिका असतात घराघरांत, आणि ती घरं रिकामी होताहेत. आमच्याच नात्यातल्या एका आजींच्या पश्चात त्यांची तबकड्यांची पेटी किलोच्या भावाने भंगारात गेली. घरात कुणाला वाईट वाटलं नाही, कारण पेटीत काय होतं हे कुणी वाचलेलंच नव्हतं. त्या एकट्याच वाचत असत. आजोबांच्या बैठकीत पूर्वी डझनभर माणसं असायची म्हणे. आता पाच-सहा. प्रत्येकाबरोबर एक न लिहिलेली यादी जाते आहे.

म्हणून आम्ही तिघींनी एक वही घातली आहे. विषय मुद्दाम छोटा घेतला : आनंदघनचे पाच चित्रपट. रकाने सात : गाणं, चित्रपट, साल, गीतकार, गायक, तबकडीचा क्रमांक, आणि ही माहिती कशावरून घेतली. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'सगळे म्हणतात' असं त्यात लिहायला परवानगी नाही. लेबल स्वतः पाहिलं असेल तर 'लेबल', पुस्तिका पाहिली असेल तर 'पुस्तिका', चित्रपट पाहिला असेल तर 'पडदा'. कुणी ज्येष्ठांनी सांगितलं तर 'ऐकीव', आणि ते खरं ठरेपर्यंत पेन्सिलीनेच.

तुमच्याकडून हवं ते एवढंच. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर तबकड्या निघाल्या, तर फेकण्याआधी लेबल वाचा. 'संगीत' या शब्दापुढे काय छापलंय ते बघा. दोन्ही बाजूंचे फोटो काढून मंडळाच्या टेबलावर आणा. आणि आजी-आजोबा असतील तर त्यांच्याजवळ बसून विचारा, "हे गाणं कुणाचं?" त्यांनी गायकाचं नाव सांगितलं की थांबू नका. पुढे विचारा, "आणि चाल?"