धूळ गेली कुठे?

जानेवारी १९८३मध्ये ‘आयरास’ उपग्रह अवकाशात गेला आणि द्रवरूप हेलियमने गारठवलेली त्याची दुर्बीण अवरक्त किरणांत आकाश चाळू लागली. उपकरणांची मोजमापं पडताळायला शास्त्रज्ञांनी ओळखीपाळखीचा अभिजित तारा घेतला, तर तिथेच आकडे जुळेनात. ताऱ्याच्या तापमानाच्या हिशेबाने यायला हवेत त्याहून कितीतरी जास्त अवरक्त किरण येत होते. हे वरकड प्रारण ताऱ्याचं नव्हतं, त्याच्याभोवतीच्या धुळीचं होतं.

अभिजितची ती धूळ थंडगार, ताऱ्यापासून दूरची. पृथ्वीसारखे खडकाळ ग्रह घडतात ते ताऱ्याच्या जवळ, आणि तिथली धूळ उबदार असते. सत्तावीस अंश सेल्सियसची धूळ सर्वाधिक प्रारण सोडते ते १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास. अडचण अशी की आपली हवा, दुर्बिणीचा आरसा, घुमट, सगळं जवळपास त्याच तापमानाचं असल्यामुळे तेही तिथेच प्रारण सोडतं. म्हणून जमिनीवरच्या दुर्बिणीचा दुय्यम आरसा सेकंदाला काही वेळा हलवतात. क्षणभर तारा दिसतो, क्षणभर शेजारचं रिकामं आकाश, आणि एकातून दुसरं वजा होतं. उरलेल्यातून ताऱ्याचा स्वतःचा वाटा काढला की मागे राहते ती धूळ.

ही धूळ फार काळ टिकत नाही. बारीक कण ताऱ्याच्या प्रकाशाच्या दाबानेच बाहेर फेकले जातात, जाडे कण हळूहळू आत ओढले जातात. तेव्हा धूळ भरपूर दिसली, तर मोठमोठे खडक एकमेकांवर आदळून ती नव्याने तयार होत असणार, असा तर्क बांधला जातो.

नरतुरंग तारकासमूहातल्या ‘टीवायसी ८२४१-२६५२-१’ने मात्र अभ्यासकांना पेचात टाकलं. तारा सूर्यासारखा, वय अवघं एक कोटी वर्षं, अंतर सुमारे ४५० प्रकाशवर्षं. १९८३च्या ‘आयरास’ला त्याच्याभोवती उबदार धूळ स्पष्ट दिसली होती. २००८मध्ये चिलीतल्या जेमिनी दक्षिण दुर्बिणीलाही ती तितकीच दिसली. पुढच्या दोन वर्षांत अवरक्त प्रारण जवळजवळ तीस पटींनी घटलं आणि २०१०मध्ये ‘वाइज’ उपग्रहाला तिथे धुळीचा मागमूस जेमतेम लागला. खगोलशास्त्रज्ञ कार्ल मेलिस आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे मांडलं, तेव्हा धूळ ताऱ्यात पडली की टकरींच्या साखळीत पिठासारखी होऊन उडून गेली, हे दोन्ही पर्याय चर्चेत होते. कोणताच पुरता पटणारा नव्हता.

याच्या उलट प्रकार ‘एनजीसी २५४७’ तारकागुच्छातल्या ‘आयडी ८’ या साडेतीन कोटी वर्षं वयाच्या ताऱ्याचा. ऑगस्ट २०१२ ते जानेवारी २०१३ या दरम्यान कधीतरी तिथली धूळ एकदम वाढल्याचं ‘स्पिट्झर’ या अवकाश दुर्बिणीने टिपलं. नंतरच्या महिन्यांत ती ओसरत गेली.

ग्रह घडायला कोट्यवधी वर्षं लागतात, पण त्याच्या खुणा दोन-चार वर्षांत उमटतात आणि पुसल्याही जातात. म्हणून ‘या ताऱ्याभोवती उबदार धूळ नाही’ असं लिहिताना शेजारी निरीक्षणाची तारीखही लिहायला हवी.