बोलक्या मोटारी आणि त्यांचे गुपित

मोटारींनी एकमेकींशी बोलावे, ही कल्पना आता कादंबरीतली राहिलेली नाही. धावत्या मोटारीतील बिनतारी यंत्राने सेकंदाला दहा वेळा आपले स्थान, वेग व दिशा सांगावी, सुमारे ३०० मीटरपर्यंतच्या मोटारींनी ते ऐकावे आणि वळणापलीकडे कोणी करकचून ब्रेक लावला, तर मागच्या चालकास तो दिसण्यापूर्वीच इशारा मिळावा, अशी ही योजना. अमेरिकेच्या परिवहन खात्याने डिसेंबर २०१६ मध्ये नव्या मोटारींना ती सक्तीची करण्याचा प्रस्ताव मांडला व २०२३ मध्ये तो मागे घेतला. प्रस्ताव गेला, त्याने उभा केलेला प्रश्न गेलेला नाही.

बोलणारी मोटार खरी की तोतया, हे ओळखता आले नाही, तर एखादा खोडसाळ इसम एकाच यंत्रातून शंभर मोटारींचे सोंग आणून मोकळ्या रस्त्यावर गर्दीचा भास निर्माण करील. म्हणून प्रत्येक संदेशावर सही हवी. पण सही आली की सही करणाराचा माग आलाच! ठिकठिकाणी ऐकणारी यंत्रे ठेवणारास अमुक मोटार सकाळी कोणत्या दवाखान्यापुढे होती आणि रात्री कोणाच्या दारात, हे घरबसल्या समजेल.

यावर अमेरिकेतील तज्ज्ञांनी काढलेली तोड आम्हांस मार्मिक वाटते. मोटारीला दर आठवड्यासाठी वीसेक निनावी प्रमाणपत्रे द्यावयाची आणि तिने ती पाचेक मिनिटांनी पालटीत राहावयाचे. ती कोणाची, हे कोणत्याही एका संस्थेस एकटीने कळू नये, अशी माहितीची वाटणी केलेली. ओसाड रस्त्यावर मात्र ही युक्ती लुळी पडते. वर्गात एकच विद्यार्थी असेल, तर हजेरीपटावरील नाव बदलून तो लपणार कसा?

परंतु आम्हांस अधिक भय वाटते ते चोरून ऐकणाराचे नव्हे, किल्ल्या सांभाळणारांचे. वाटून ठेवलेली माहिती एकत्र आणण्याचा अधिकार कोणास, हे यंत्रशास्त्र ठरवू शकत नाही. खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमुखाने सांगितले. बसगाड्या व टॅक्सी यांत स्थानदर्शक यंत्रे बसविण्याचा नियमही आपल्याकडे झालेला आहे. उद्या खाजगी मोटारींत बोलकी यंत्रे आली, तर त्यांचे गुपित न्यायाधीशाच्या लेखी हुकुमावाचून उघडता येऊ नये, उघडल्याची नोंद राहावी आणि ती मोटारीच्या मालकास कळावी, एवढे कायद्यात आधीच लिहिले गेले पाहिजे. दंडाच्या वसुलीसाठी किंवा विमा कंपन्यांच्या सोयीसाठी हे दार जरासे किलकिले ठेवू, असे कोणी सुचवील, तर त्यास आमचा आजच विरोध आहे.