तुटक वाट

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जात असे. मीं स्वतः नोकरीचीं सारीं वर्षें सायकलवरूनच शाळा गांठली. आतां माझी नात सातवींत आहे. तिची शाळा पाऊण कोसावर, सायकलही नवी; परंतु ती जिन्याखालीं धूळ खात उभी असते. सूनबाई म्हणतात, "बाबा, तुम्ही बरोबर असलांत तरी माझा जीव थाऱ्यावर नसतो." यावर काय बोलावें? चौक आला कीं मीही उतरून सायकल हातीं धरितों!

शहरासाठीं 2017 सालीं सायकलींचा सविस्तर आराखडा मंजूर झाला आहे. आमच्या घराजवळही सायकलींकरितां निराळी वाट आहे. दोनशें पावलें ती सुखानें जाते. मग उभ्या मोटारींचा तळ लागतो. आणि चौक येतांच वाट अंतर्धान पावते. जेथें खरा धोका, तेथेंच ती संपते.

हॉलंडचे लोक जन्मजात सायकलप्रेमी, अशी आपली समजूत असते. वस्तुतः मोटारींच्या भरांत तेथेंही सायकल मागें पडली होती. 1971 या एका वर्षांत त्या चिमुकल्या देशांत रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. एका वृत्तपत्रकाराची लहानगी मुलगी शाळेच्या वाटेवर गेली. त्यानें लेखणी उचलली, आणि 'बालहत्या थांबवा' या नांवाची चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर आले. तेव्हां हेग व टिलबर्ग या शहरांत एकेक उत्तम सायकलमार्ग बांधून पाहण्यांत आला. मार्ग सुरेख झाले, पण शहरांतील सायकलस्वार फारसे वाढले नाहींत. पुढें 1980 नंतर डेल्फ्ट शहरांत निराळा प्रयोग झाला. पूर्वींच्याच वाटांचे तुटलेले दुवे पूल व बोगदे घालून जोडले, आणि सारें शहर एका जाळ्यांत आणिलें. तेथें मात्र सायकल वाढली. (माझे विद्यार्थीही शब्द बिनचूक पाठ म्हणत, अडखळत ते संधीपाशीं!)

गेल्या रविवारीं आमच्या सोसायटीच्या सभेंत मीं एवढेंच मागितलें कीं, निदान आपण तरी त्या वाटेवर मोटारी लावूं नयेत. बऱ्याच जणांनीं माना डोलविल्या. एका गृहस्थांनीं विचारलें, "मास्तर, मग लावाव्या कोठें?" प्रश्न अगदींच खोटा नाहीं, पुढील सभेंत तोच विषय आहे. तूर्त मी व नात पहाटे, गर्दीपूर्वीं, शाळेपर्यंत एक फेरी मारून येतों. चौकांत दोघेही उतरतों.