केकवरची हिरवळ

वाढदिवसाच्या केकवर हल्ली जंगल अवतरतं, शेत पिकतं, क्रिकेटचा सामना रंगतो. या सगळ्यांच्या पायाखाली गवत लागतंच, आणि नेमकं तेच शेवटी घाईघाईनं उरकलं जातं. साखरेचा वाघ अंगावरच्या पट्ट्यांसकट हुबेहूब घडवलेला असतो, पण तो ज्या गवतात उभा असतो ते लांबूनही बनावट दिसतं. मग नोझल स्वस्तातली होती, रंग चांगला मिळाला नाही, अशी कारणं पुढे येतात. मला ती पटत नाहीत. हे गवत बनावट दिसतं ते फार नीटनेटकं काढल्यामुळे. एकच हिरवा, एकच उंची, सगळे पुंजके सारख्या अंतरावर, इतकी शिस्त रानातल्या गवतात नसते. आपला डोळा जन्मभर गवत पाहत आलेला असल्यामुळे ही शिस्त त्याला लगेच खटकते.

नोझलचं काम मर्यादित आहे. गवताची नोझल म्हणजे शेवेच्या सोऱ्यातल्या चकतीचं धाकटं भावंड. बारीक भोकांतून एकाच वेळी अनेक तंतू बाहेर पडतात. अमेरिकेतल्या विल्टन कंपनीची २३३ क्रमांकाची नोझल यासाठी सर्वांत परिचित आहे. त्यातून गवत उभं राहतं ते बटरक्रीमच्या स्वभावामुळे. लोणी आणि आयसिंग शुगर फेटून केलेलं हे मिश्रण दाब पडला की वाहतं आणि दाब थांबला की आहे त्या आकारात थांबतं. म्हणून नोझल केकला जवळजवळ टेकवून सरळ उभी धरायची, बुंधा पृष्ठभागाला चिकटेपर्यंत पिशवी दाबायची, दाबतच थोडं वर उचलायचं, आणि दाब पूर्ण थांबवून मगच झटक्यानं ओढून घ्यायचं. दाब थांबवायला उशीर झाला तर पात्याच्या टोकाला गोळा येतो. नोझल फार उंचावर धरली तर बुंधा चिकटत नाही आणि पुंजका आडवा होतो. आयसिंग शुगर वस्त्रगाळ हवी, कारण एक गुठळीसुद्धा भोक बुजवायला पुरते. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि तळहाताची ऊब त्याच्या आसपासच असते. म्हणून पिशवी थोडीच भरावी आणि मधूनमधून फ्रिजमध्ये ठेवावी.

इथवरचं तंत्र थोड्या सरावानं हाताला बसतं. खरी अडचण पुढे, रंगापाशी येते. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर यानं १५०३ साली जलरंगात रानगवताचा एक लहानसा तुकडा रंगवला. ते चित्र आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. त्यात हिरव्याच्या कितीतरी छटा आहेत, पाती एकमेकांवरून झुकलेली आहेत, आणि खाली माती नि मुळं दिसतात. केकवर काम करणाऱ्यानं या चित्रातून एक गोष्ट जरूर उचलावी, ती म्हणजे तळाचा अंधार. दाट गवतात बुंध्यापर्यंत उजेड पोहोचत नाही, तिथे जुनी पाती वाळून तपकिरी होतात. केकवर मात्र पांढऱ्या थरावर थेट हिरवे पुंजके काढले जातात आणि प्रत्येक फटीतून पांढरं डोकावतं. आधी गडद हिरव्या-तपकिरी क्रीमचा पातळ हात फिरवला, तर त्याच फटी सावली होतात. वरच्या गवतासाठी पानाचा हिरवा, थोडी पिवळी झाक असलेला आणि किंचित तपकिरी घातलेला, अशी तीन मिश्रणं पिशवीत शेजारी शेजारी भरावीत, एकजीव करू नयेत. प्रत्येक पुंजका मग आपोआप वेगळा उतरतो. बटरक्रीमचा रंग काही तासांत गडद होतो, तेव्हा सुरुवातीला एक छटा फिकाच ठेवावा.

यावर कोणी म्हणेल, क्रिकेटच्या मैदानावरचं गवत तर एकसारखंच असतं. उंचीपुरतं ते खरं आहे. पण टीव्हीवर दिसणारे फिकट-गडद पट्टे आठवून पाहा. ते दोन जातींचं गवत पेरून येत नाहीत. कापणी यंत्राचा रूळ पाती एकदा इकडे आणि एकदा तिकडे वाकवतो. आपल्यापासून दूर झुकलेली पाती जास्त उजेड परतवतात म्हणून फिकी दिसतात, आपल्याकडे झुकलेली गडद. म्हणजे कातरलेल्या हिरवळीतही दिशेचा फरक आहेच. केकवर एका पट्ट्यात नोझल थोडी पुढे कलवून आणि शेजारच्या पट्ट्यात मागे कलवून आखूड गवत काढावं, रंगात अगदी निसटता फरक ठेवावा, आणि मधली खेळपट्टी मातकट राहू द्यावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. केक खाण्यासाठी असतो, गवताच्या नावाखाली साखर आणि रंग का वाढवायचे? हा मुद्दा मला मान्य आहे, आणि माझ्या मते तो असमान गवताच्याच बाजूनं बोलतो. भडक एकरंगी हिरव्यासाठी रंग जास्त ओतावा लागतो आणि तो जिभेवरही उतरतो. मातकट, पिवळसर छटांना लोण्याचा स्वतःचा पिवळेपणा मदत करतो, रंग कमी पुरतो. शिवाय सगळीकडे उंच गवत काढायची गरजच नसते. कुंपणाच्या कडेला, झाडाच्या बुंध्याशी, वाघाच्या पंजाभोवती ते दाट आणि उंच हवं, कारण प्रत्यक्षातही तिथेच ते कापण्या-तुडवण्यातून वाचतं. बाकी जागी विरळ पुंजके किंवा हलका रंगवलेला खोबऱ्याचा बारीक कीस चालतो.

आपल्याकडच्या अनेक घरगुती केकांवर बटरक्रीमऐवजी व्हिप्ड क्रीम असतं. ते हलकं आणि कमी गोड असतं, पण त्यात हवा भरलेली असल्यानं उंच पाती लवकर माना टाकतात. त्यासाठी गवत आखूड ठेवावं, क्रीम थंडगार असावं, आणि केक घराबाहेर पडण्याच्या थोडंच आधी, बाकी सगळी सजावट जागेवर बसल्यावर, ते काढावं.