बॅक्टेरिया भिंतीचा तडा बुजवतात, पण त्याचे पैसे कोण देणार?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बॅक्टेरियापासून बनणाऱ्या बांधकाम साहित्यावर बोललो. तोच विषय इथे जरा सविस्तर बघू. कारण 'नवीन टेक्नॉलॉजी' म्हटलं की डीलरशिपचे पैसे भरायला आपण लगेच तयार होतो.

आधी काम कसं चालतं ते समजून घ्या. स्पोरोसार्सिना पाश्चुरी हा मातीतला बॅक्टेरिया युरिया फोडतो. त्यातून कार्बोनेट तयार होतं. ते कॅल्शियमला भेटलं की चुनखडी बनते आणि वाळूचे कण एकमेकांना चिकटतात. म्हणजे वीट तयार, आणि भट्टी पेटवायची गरजच नाही! अमेरिकेतली बायोमेसन कंपनी २०१२ मध्ये अशाच कल्पनेवर सुरू झाली.

नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी काँक्रीटमध्येच बॅक्टेरियाचे बीजाणू आणि त्यांचं खाद्य, म्हणजे कॅल्शियम लॅक्टेट, मिसळलं. बीजाणू आत झोपून राहतात. तडा जाऊन पाणी शिरलं की जागे होतात आणि चुनखडी तयार करून तडा बुजवतात. हे बॅक्टेरिया निसर्गातलेच. न्यूकॅसल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मात्र २०१० मध्ये बॅसिलस सबटिलिसचे जनुक बदलून त्याच्याकडून तडे भरून घ्यायचा प्रकल्प केला.

आता आपला हिशोब. बीजाणू आणि खाद्य घातलं की काँक्रीट महाग होणारच. मग जास्तीचे पैसे कोण देईल? कंपाउंडची भिंत बांधणारा देणार नाही. तिला तडा गेला तर गवंडी येऊन सिमेंट लावून जातो. पण बोगदा, पाण्याची टाकी, तळघरातलं पार्किंग इथे दुरुस्तीच अवघड आणि खर्चिक असते. खरा ग्राहक तिथे आहे.

म्हणून असा माल विकायला कोणी आलं, तर चार प्रश्न विचाराच:

१. किती रुंदीचा तडा बुजतो? हे काम बारीक तड्यांचं आहे, खचलेल्या भिंतीचं नाही.
२. आपल्याकडच्या उन्हात गोदामात माल किती महिने टिकतो?
३. युरिया वापरत असाल, तर उरणाऱ्या अमोनियाची विल्हेवाट कशी आणि कोणाच्या खर्चाने?
४. टेस्ट रिपोर्ट कुठल्या लॅबचा? जनुक बदललेला बॅक्टेरिया असेल, तर सरकारी परवानगीचा कागद कुठे आहे?

चारही उत्तरं लेखी मागा. ती हातात येईपर्यंत अ‍ॅडव्हान्स द्यायचा नाही. विज्ञान खरं असलं तरी आपल्या गावात त्याला गिऱ्हाईक असेलच असं नाही, ते आपणच शोधायचं असतं.

तुमच्या भागात असा ग्राहक कोण असू शकतो? कमेंटमध्ये नक्की लिहा.