उतारवयातील पाळणा

निवृत्तिवेतनात दोघांचे भागेल, असा हिशेब मांडून स्वस्थ बसलेल्या एखाद्या घरात मुलगी परत येते. संसार मोडलेला, मानसिक आजारावरील उपचार अर्धवट सोडलेले, कडेवर लहान मूल. आजी-आजोबा त्या मुलाचे करू लागतात. वर्षभराने आजीच्या ध्यानात येते की, मुलीची पाळी चुकली आहे. आणखी एक मूल या वयात कोणी वाढवायचे, हा प्रश्न घरातील प्रत्येकाच्या मनात असतो; उच्चारत मात्र कोणीच नाही.

या मौनाची किंमत फार मोठी असते, कारण अशा प्रसंगी पैशाहूनही दुर्मीळ असतो तो वेळ. शंका खरी की खोटी, हे लघवीच्या साध्या तपासणीने कळते. मानसिक आजारावरील काही औषधे, विशेषतः सोडियम व्हॅल्प्रोएट, गर्भाला अपायकारक ठरू शकतात. परंतु ती आपल्या मनाने एकाएकी बंद करणेही तितकेच धोक्याचे. म्हणजे डॉक्टरांपासून लपवण्यात दोन्हीकडून तोटाच. कायद्याची मुदतही थांबत नाही. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाल्यानंतर, कायद्याने मान्य केलेल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. या दुसऱ्या सवलतीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

परंतु निर्णय कोणाचा? येथे आईबापांची सर्वाधिक गल्लत होते. ‘तिला काय कळतेय’ असे म्हणून ते तिच्या वतीने ठरवू पाहतात. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत कायदा तिचीच संमती मागतो. आईवडिलांची नाही, पतीचीही नाही. मानसिक आजारी स्त्रीसाठी पालकाच्या लेखी संमतीची तरतूद आहे हे खरे. पण मन अस्वस्थ असणे म्हणजे इच्छाच नसणे नव्हे. २००९ मध्ये चंदीगड येथील सरकारी संस्थेतील एका मतिमंद तरुणीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. तिला मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून तिची इच्छा मान्य केली.

मग आजी-आजोबांच्या हाती काहीच उरत नाही काय? उरते. गर्भाविषयीचा निर्णय मुलीचा. आपण किती भार उचलू शकतो, हे सांगण्याचा अधिकार त्यांचा. ‘या मुलाला आम्ही वाढवू शकणार नाही’ असे सत्तरीतल्या माणसांनी वेळीच सांगणे हा निर्दयपणा नव्हे, धमकी म्हणून ते वापरले नाही म्हणजे झाले. जन्मानंतर मूल बालकल्याण समितीपुढे दत्तकासाठी सोपवण्याचा मार्ग २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे, आणि फेरविचारासाठी आईला दोन महिने मिळतात. हा मार्ग मुलीला माहीत असला, तरच तिची निवड खरी निवड ठरते.

वस्तुतः हा एका घराचा प्रश्न नाही. घरातील विनामोबदला सेवा राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धरली जात नाही; म्हणून नातवंडे वाढवणाऱ्या आजीचे कष्ट फुकटच आहेत, असा आपला समज झाला आहे. १८६३ मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्यांनी अडलेल्या विधवांना नीतीचे पाठ दिले नाहीत. बाळंतपणाची आणि मुलाच्या संगोपनाची सोय केली. कुटुंबाला न पेलणारा भार समाजाने उचलायचा असतो, हा त्यातील विचार. मानसोपचार, पाळणाघर आणि समुपदेशन हाताशी नसेल, तर कायद्याने दिलेली निवड कागदावर राहते आणि तिचा खर्च निमूटपणे एका निवृत्तिवेतनावर पडतो.