मुक्त ग्रंथ : प्रतिमा आणि पाठ

महाजालावरील ग्रंथांना 'मुक्त' हे विशेषण दोन निराळ्या अर्थांनी लावले जाते आणि त्यांची गल्लत नेहमी होते. जे विनामूल्य वाचता येते ते एक. ज्याची प्रत काढून पुन्हा प्रसिद्ध करता येते ते दुसरे. अभ्यासकाच्या दृष्टीने दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा होय.

भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरील स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. (१९५७ च्या अधिनियमात ही मुदत पन्नास वर्षांची होती, १९९२ च्या दुरुस्तीने ती वाढली.) साने गुरुजी १९५० मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे झाले. मोरो केशव दामले यांचे १९११ चे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' त्यापूर्वीच मुक्त झाले होते. मात्र जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीतील प्रस्तावना व टीपा यांवर त्या लिहिणाऱ्याचा हक्क असतो, हे उत्साही वाचक विसरतात.

कायद्याने मोकळा झालेला ग्रंथ अभ्यासाला मोकळा झाला असे मात्र नव्हे. इंटरनेट अर्काइव्हसारख्या ग्रंथागारातून हाती येणारे जुने मराठी पुस्तक बहुधा पृष्ठांच्या छायाचित्रांचा संच असतो. वाचकाचे त्याने भागते, भाषाभ्यासकाचे भागत नाही. एखादा प्रत्यय कोठे कोठे आला आहे, हे छायाचित्राला विचारता येत नाही. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द देऊन शोधता येते, ती तिचा पाठ तयार करण्यात आला म्हणून. यंत्र अक्षरे ओळखते खरे. परंतु जुन्या छपाईतील जोडाक्षरे व पुसट अनुस्वार यांपाशी ते अडखळते, आणि चुकीचा पाठही तितक्याच निःशंकपणे पुढे ठेवते.

येथून पुढचे काम माणसाचे, आणि ते घरबसल्या कोणासही करता येते. विकिस्रोतावर एका बाजूस मूळ पृष्ठाची प्रतिमा व दुसऱ्या बाजूस पाठ असतो. एकाने मुद्रितशोधन केले की पृष्ठाची खूण पिवळी होते. दुसऱ्याने तपासले की हिरवी. स्वतः शोधलेले पृष्ठ स्वतःच हिरवे करता येत नाही. कित्येक छापखान्यांत एवढी शिस्त नसते!

खरी कसोटी लागते ती शुद्धलेखनापाशी. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांपूर्वीच्या लेखनात 'गेले' हे पुल्लिंगी अनेकवचन आणि 'गेलें' हे नपुंसकलिंगी एकवचन. तसेच 'गेली' स्त्रीलिंगी एकवचन, 'गेलीं' नपुंसकलिंगी अनेकवचन. आजच्या सवयीने हे अनुस्वार गाळणारा शोधक पाठ सुधारीत नाही. तो लिंगवचनाचा पुरावाच पुसून टाकतो. आधुनिक वाचकाला 'गेले' शोधताना 'गेलें'ही सापडावे, हे रास्तच आहे. परंतु ती सोय शोधयंत्रात करावयाची असते, ग्रंथात नव्हे.

डोळ्यांना न दिसणारा भेद याहून त्रासदायक. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र संकेतांक मिळाला. तत्पूर्वी 'अ' पुढे अर्धचंद्र जोडून ते लिहीत, आणि ती रीत अद्याप मोडलेली नाही. छापून दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र हे दोन भिन्न शब्द ठरतात. म्हणून कोणताही शब्द मोजण्यापूर्वी पाठातील संकेत एकसारखे करून घ्यावे लागतात, आणि असा केलेला फेरफार मूळ पाठापासून वेगळा ठेवून नोंदवावा लागतो.